मुरू देण्याचा विवेक

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर, गोव्याच्या सीमेजवळ दिग्गी नावाचे गाव आहे. नकाशावर ते शोधावे लागते. परंतु जी काळी नदी पुढे सुपे, दांडेली असा प्रवास करीत सुमारे १८४ किलोमीटरांनंतर कारवारजवळ समुद्राला मिळते, तिचा उगम याच डोंगराळ मुलखात आहे. आषाढ-श्रावणात येथे पाऊस दिवसच्या दिवस थांबत नाही. त्यातील पुष्कळसे पाणी ओढ्यांवाटे तत्काळ वाहून जाते. काही पाणी मात्र पालापाचोळ्याच्या थरांतून हळूहळू जमिनीत उतरते, दिसेनासे होते, आणि पाऊस संपून महिने लोटल्यावर एखाद्या दरीत झरा होऊन पुन्हा उजेडात येते. फाल्गुन-चैत्रात रानातील ओढ्याला जे पाणी असते ते या मुरलेल्या पाण्याचेच असते.

‘मुरणे’ हा आपल्या भाषेतील एक मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. पाणी जमिनीत मुरते, मीठ कैरीत मुरते, पाकात फोडी मुरतात. गवई रागात मुरतो, कारभारी कारभारात मुरतो. या सर्व प्रयोगांत एक आदर दडलेला आहे. जे मुरले ते पक्के, जे मुरले नाही ते कच्चे, असे आपण गृहीत धरून चालतो. परंतु त्याच भाषेने या शब्दाला दुसरीही एक बाजू दिली आहे. व्यवहारात काही लपवाछपवी दिसली की आपण म्हणतो, ‘कुठे तरी पाणी मुरते आहे.’ आणि घराच्या भिंतीत पाणी मुरले तर त्याचा आनंद कोणालाच होत नाही; तेथे भिंत फुगते आणि अखेरीस ढासळते. म्हणजे मुरणे ही क्रिया एकच असली तरी तिचे फळ एक नाही. काय मुरते आणि कशात मुरते, यावर ते अवलंबून असते.

हा भेद आज नव्याने मांडण्याचे कारण एक अगदी आधुनिक वस्तू आहे. ई-सिगारेट किंवा ‘व्हेप’ या नावाने ओळखले जाणारे उपकरण आता वाचकांच्या परिचयाचे झाले असेल. २००३ च्या सुमारास चीनमधील होन लिक नावाच्या औषधतज्ज्ञाने त्याला आजचे रूप दिले. त्यात तंबाखूचे पान जळत नाही. विजेच्या तारेवर एक द्रव तापवून त्याची वाफ ओढली जाते. हा द्रव म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि वनस्पतिज ग्लिसरीन यांच्या मिश्रणात विरघळवलेले निकोटीन आणि त्यात घातलेले व्हॅनिला, दालचिनी, आंबा, दूध-साखर अशा चवींचे अर्क. या द्रवाच्या शौकिनांमध्ये एक प्रघात आहे. नवी बाटली लगेच वापरावयाची नाही. ती अंधाऱ्या कपाटात दोन ते चार आठवडे ठेवावयाची, रोज हलवावयाची, मधून मधून झाकण उघडून तिला हवा द्यावयाची. द्रवाचा रंग पिवळसर, मग तपकिरी होतो. तीव्र वास बसतो. चव एकजीव होते. फळांच्या चवींना थोडे दिवस पुरतात, दुधाळ आणि तंबाखूच्या चवींना अधिक लागतात, असे ते लोक सांगतात. या प्रघाताला ते ‘स्टीपिंग’ म्हणतात. आपण त्याला सरळ ‘मुरवणे’ म्हणू.

वरवर पाहता यात हसण्यासारखे काही नाही. उलट, जी पिढी क्षणात सर्व काही हवे म्हणते असा आपण तिला दोष देतो, तिच्यातील कोणी चार आठवडे थांबतो, रोज बाटलीची विचारपूस करतो, रंगाच्या छटा ओळखू लागतो, हे पाहून एखाद्या वडीलधाऱ्याला आपल्या आजीच्या लोणच्याच्या बरणीची आठवण व्हावी. मग प्रश्न असा उभा राहतो की, हा संयम संयमच आहे काय? थांबणे हा स्वतःच एक सद्गुण आहे, की ज्यासाठी थांबावयाचे त्यावरून त्याचे मोल ठरते?

प्रथम, काळ बरणीत नेमके काय करतो ते पाहिले पाहिजे. सिरसी-सिद्धापूरकडे ओढ्या-नद्यांच्या काठी होणाऱ्या कोवळ्या अप्पेमिडी कैऱ्या देठासकट खारवून ठेवतात. त्या वर्षानुवर्षे टिकतात. तेथे मीठ कैरीतील पाणी ओढून घेते, आणि त्या खाऱ्या पाण्यात जे सूक्ष्म जीव तग धरतात ते फळातील साखरेचे आम्ल करतात. मीठ आणि आम्ल मिळून कुजविणाऱ्या जंतूंना थारा देत नाहीत. मीठ कमी पडले, ओला हात लागला, तर तीच कैरी, तीच बरणी आणि तेच दिवस असूनही बुरशी धरते. आयुर्वेदातील आसव-अरिष्टांचेही असेच. तुपाचा हात फिरवलेल्या मातीच्या भांड्यात काढा, गूळ वा मध आणि धायटीची फुले घालून तोंड मातीने लिंपावयाचे आणि ते भांडे धान्याच्या राशीत वा जमिनीत महिनाभर ठेवावयाचे. फुलांबरोबर आलेले किण्व गुळाचे मद्य करते, आणि त्या सौम्य मद्यात औषधीचा गुण उतरून टिकतो. पण लिंपण फुटून हवा शिरली की त्याच भांड्यातून आसवाऐवजी आंबट शुक्त निघते. आसव करणारा आणि शुक्त करणारा काळ निराळा नसतो. काळ फक्त अवसर देतो. त्या अवसरात काय घडेल हे आत घातलेल्या द्रव्यावर, आणि झाकण लावणाऱ्याच्या दक्षतेवर ठरते.

आपल्या पूर्वजांनी हे अचूक ओळखले होते. तेराव्या-चौदाव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या शार्ङ्गधरसंहितेत औषधांच्या वयाचा विचार आहे. चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी उणावते, गुटिका आणि अवलेह यांचे एका वर्षाने. आसव, धातू आणि रसकल्प मात्र जुने होतील तसे गुणवान होतात, असा त्यातील अभिप्राय आहे. औषधाला द्रव्ये ताजीच घ्यावीत, अपवाद वावडिंग, पिंपळी, गूळ, धान्य, तूप आणि मध यांचा, असेही तेथे सांगितले आहे. ‘जुने ते सोने’ ही म्हण या ग्रंथकाराने सरसकट स्वीकारली नाही. त्याने दोन याद्या केल्या, आणि प्रत्येक वस्तूला तिच्या स्वभावाप्रमाणे योग्य यादीत बसविले. देवळातही आपण हेच करतो. नैवेद्य ताजा हवा, काल वाहिलेले फूल आज निर्माल्य. पण तुळशीपत्र, बिल्वपत्र आणि गंगोदक यांना शिळेपणाचा दोष नाही असे परंपरा मानते. देवापुढेही ‘जुने’ आणि ‘नवे’ यांचा निवाडा वस्तू पाहून होतो.

आता या कसोटीवर त्या बाटलीकडे पाहू. तिच्यात किण्व नाही, आम्ल करणारे जंतू नाहीत, कुजण्याशी चाललेला कोणताही झगडा नाही. तेथे घडते ते असे: दाट ग्लिसरीनमध्ये अर्क सावकाश पसरतात, अर्कांतील थोडे मद्य झाकण उघडताच उडून जाते, आणि हवा व प्रकाश यांच्या संसर्गाने निकोटीनचे ऑक्सिडीकरण होऊन द्रव काळवंडतो. ज्या तपकिरी रंगाला शौकीन पक्वतेची खूण मानतात, तो बव्हंशी या ऑक्सिडीकरणाचा रंग होय. एवढ्यावरच हे थांबत नाही. २०१८ साली अमेरिकेतील येल आणि ड्यूक विद्यापीठांच्या संशोधकांनी असे दाखविले की, व्हॅनिला, दालचिनी, बदाम यांच्या चवीची आल्डिहाइड जातीची द्रव्ये प्रॉपिलीन ग्लायकॉलशी केवळ एकत्र ठेवल्याने संयोग पावतात, आणि त्यातून ‘अ‍ॅसिटल’ जातीची नवी द्रव्ये तयार होतात. ती वाफेबरोबर शरीरात जातात, आणि श्वासमार्गातील दाह जाणविणाऱ्या चेताग्रांना मूळ अर्कांपेक्षा अधिक चेतवितात. म्हणजे कपाटात बाटली ठेवून जो धीर धरला, त्या धीराच्या काळात चव गोडावत होती आणि त्याच वेळी बाटलीवर ज्यांचे नाव लिहिलेले नाही अशी काही द्रव्ये जन्माला येत होती. आपल्या म्हणीच्या भाषेत सांगावयाचे तर, येथे खरोखरच कुठे तरी पाणी मुरत होते.

या प्रघाताच्या बाजूने जे सांगितले जाते तेही न्यायबुद्धीने ऐकले पाहिजे. पहिले म्हणणे असे की, हे बिडी-सिगारेटपेक्षा कमी अपायकारक आहे. पान जळत नसल्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यांचा भार टळतो ही गोष्ट खरी, आणि इंग्लंडसारख्या देशात मुरलेल्या धूम्रपानकर्त्याला सिगारेट सोडण्याचे साधन म्हणून आरोग्य खात्यानेच ते पुढे केले आहे. भारताने निराळा मार्ग पत्करला. १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकुमाने आणि त्यानंतर त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आली. पहिल्या विक्रीच्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. या दोन धोरणांत कोणते शहाणपणाचे यावर जाणत्यांत मतभेद असू शकतात. पण ‘मोठ्या अपायापेक्षा लहान अपाय बरा’ हा युक्तिवाद सुटकेच्या वाटेवर असलेल्या माणसाला शोभतो. जो सुटू पाहतो तो पुढच्या महिन्यासाठी चव मुरवीत बसत नाही. चव मुरविणे हे मुक्काम करण्याचे लक्षण आहे.

दुसरे म्हणणे असे की, नव्या गोष्टीला आपण उगाच भितो. कधी काळी प्रत्येक रूढी नवीच होती. हा वाद आपल्या मुलखाला नवा नाही. १६०४-०५ च्या सुमारास असद बेग नावाचा मोगल सरदार विजापुरातून तंबाखू आणि हुक्का घेऊन अकबराच्या दरबारी गेला. तेथील वैद्याने, आपल्या शहाण्यांनी न पारखलेली वस्तू घेऊ नये, असा आक्षेप घेतला. त्यावर असद बेगने, जगातील प्रत्येक रीत केव्हा तरी नवीच होती, असे उत्तर दिले, आणि ते बादशहाला रुचले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. अकबराने चार झुरके घेतले, पण सवय लावून घेतली नाही. त्याच्या मुलाने, जहांगीराने, १६१७ मध्ये तंबाखूला मनाई केली. ती मनाई टिकली नाही. पुढे तंबाखू समाजात असा मुरला की गूळ आणि फळे घालून आंबविलेला ‘खमिरा’ हुक्क्यात भरणे हा प्रतिष्ठेचा उपचार झाला. असद बेगचा मुद्दा तर्काने बरोबर होता: नवेपणा हा दोष नाही. पण त्याचीच दुसरी बाजू तितकीच खरी आहे: जुनेपणा हा गुण नाही. चारशे वर्षे समाजात मुरूनही तंबाखूने फुप्फुसांशी केलेला व्यवहार बदललेला नाही.

तिसरे म्हणणे सर्वांत विचारणीय आहे. द्रव काहीही असो, थांबावयास शिकल्याने माणूस संयमी तर होतो ना? याचे उत्तर गीतेच्या सतराव्या अध्यायात सापडते. तप ही थांबण्याची, सोसण्याची, आवरण्याची परिसीमा. पण गीता तपाला तप म्हणून डोक्यावर घेत नाही. श्रद्धेने व फलाची इच्छा सोडून केलेले ते सात्त्विक, मानासाठी व दिखाव्यासाठी केलेले ते राजस, आणि मूढ हट्टाने स्वतःला पीडा देऊन वा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेले ते तामस, असे तिने त्याचे तीन भाग केले. तपाची ही स्थिती असेल तर साध्या वाट पाहण्याची काय कथा? चोर मध्यरात्रीपर्यंत दबा धरून बसतो. पारधी तासन्‌तास निश्चल राहतो. सावकार व्याज चढण्याची वाट पाहतो. यांना धीर नाही असे कोण म्हणेल? पण त्यांच्या धीराला आपण सद्गुण म्हणत नाही. धीर ही एक शक्ती आहे, आणि शक्ती ज्याच्या सेवेला लागते त्याचे ती रूप घेते. अठराव्या अध्यायातील सुखाचा भेदही येथे लागू पडतो. जे आरंभी विषासारखे आणि अंती अमृतासारखे ते सात्त्विक सुख, जे आरंभी अमृतासारखे आणि परिणामी विषासारखे ते राजस. आसवाच्या भांड्यात कडू काढा घालून महिनाभर थांबणारा वैद्य पहिल्या वाटेवर असतो. बाटलीतील वाफ अधिक गोड व्हावी म्हणून थांबणारा दुसऱ्या वाटेवर असतो, आणि त्याचा संयम त्याला त्या वाटेवरून मागे फिरवीत नाही; तो तिला अधिक रम्य करतो.

यातील खरा धोका मला येथे दिसतो. उघडे व्यसन स्वतःला व्यसन म्हणून ओळखते आणि क्वचित लाजतेही. पण व्यसनाला जेव्हा विधी, कालमर्यादा, रसिकता आणि जाणकारी यांची वस्त्रे चढतात, तेव्हा माणसाला आपण काही साधना करीत आहोत असे वाटू लागते. रोजच्या देखरेखीने त्या वस्तूविषयी ममत्व जडते; आणि ज्याची इतके दिवस वाट पाहिली ते वाईट असेल हे मन मानीत नाही. थांबण्याने चवीबरोबर आसक्तीही मुरते. विनोद असा की, या विधीतही उतावळेपणा शिरल्यावाचून राहिलेला नाही: बाटली कोमट पाण्यात बुडवून किंवा यंत्रात हलवून महिन्याचे मुरणे तासाभरात उरकणारेही आहेत.

हा दोष केवळ तरुणांच्या कपाटातील बाटलीपुरता आहे असे समजून आपण वडीलधाऱ्यांनी निश्चिंत व्हावे, असे मात्र नाही. आपल्या देवस्थानांच्या आवारातही पुष्कळ काही मुरत ठेवलेले असते. पालखीला पहिला खांदा कोणाचा, प्रसाद प्रथम कोणाच्या हाती, यावरून सुरू झालेला रुसवा दोन-तीन पिढ्या टिकतो. मूळ कारण कोणाला आठवत नाही, पण वयामुळे त्या वैराला परंपरेचा मान मिळतो. देवदासीची चाल शतकानुशतके मुरली होती, आणि तिच्या जुनेपणाचाच आधार घेऊन कित्येक सज्जनांनी तिचे समर्थन केले. १९३४ साली मुंबई इलाख्यात तिच्याविरुद्ध कायदा झाला तेव्हा उत्तर कन्नड जिल्हा त्याच इलाख्यात होता; १९८२ साली कर्नाटकाला पुन्हा कायदा करावा लागला. काळाने ती चाल पक्व केली नव्हती. तिचा दुर्गंध फक्त सवयीचा झाला होता. सर्व जुने जुने म्हणून चांगले नसते आणि नवे नवे म्हणून निंद्य नसते, पारखून घ्यावे, हा विचार कालिदासानेही आपल्या पहिल्या मानल्या जाणाऱ्या नाटकाच्या, मालविकाग्निमित्राच्या, प्रस्तावनेतच मांडून ठेवला आहे. ज्यांना हे आपल्या घरात मान्य नाही, त्यांनी मुलाच्या बाटलीवर प्रवचन करू नये. ते त्याला पटणार नाही.

तेव्हा विवेक कसा करावा? मला तीन प्रश्न पुरेसे वाटतात. पहिला: मुरत ठेवलेली वस्तू मुळात काय आहे? काळ बीज बदलीत नाही, ते फक्त वाढवितो. दुसरा: झाकणाआड जे घडते ते मला ठाऊक आहे काय, की केवळ रंग आणि वास पाहून मी समाधान मानतो? लोणचे घालणाऱ्या आजीला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. पण तिच्यामागे पिढ्यांचा पडताळा होता, आणि बुरशी दिसताच बरणी फेकून देण्याचे धैर्यही होते. वीस वर्षांच्या वस्तूमागे असा पडताळा नाही. तिसरा: हे मुरल्यावर ते कोणाच्या पानात वाढले जाईल? लोणचे घरादाराला, आसव रोग्याला, आणि दिग्गीच्या रानात मुरलेले पाणी खालच्या खोऱ्यातील अनोळखी माणसांना पोचते. जे मुरवून अखेरीस एकट्यानेच, दार लावून ओढावयाचे, त्यावर खर्च झालेला धीर कोणाच्या कामी आला?

घरातील एखादा मुलगा शिक्षणासाठी वा नोकरीसाठी शहरात गेला आणि ही आवड घेऊन परतला, तर त्याच्यावर आगपाखड करण्यापूर्वी एक गोष्ट ओळखावी. त्याच्याजवळ थांबण्याची शक्ती आहे, बारकाव्यांची जाण आहे, रोज एका वस्तूची निगा राखण्याची चिकाटी आहे. या शक्ती दुर्मिळ आहेत, आणि त्या चुकीच्या बरणीत पडल्या आहेत एवढेच. त्या काढून योग्य बरणीत घालणे हे वडिलांचे काम आहे. गाणे, विद्या, शेती, स्नेह, एखाद्याला केलेली क्षमा, या सर्वांना महिने नव्हे, वर्षे लागतात, आणि त्यांना मुरू देणारी माणसे आज कमी पडत आहेत.